ज्याची उचल, त्याचा आमदार



२०२४ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट आहे. कापसाचा दुसरा वेचा तोंडावर आला होता. बोंडे फुटून कापूस झाडाला लोंबत होता आणि वेचायला बाई मिळत नव्हती. आमच्याकडे त्या हंगामात वेचणी दहा रुपये किलोने चालली होती. चांगला हात असलेली बाई दिवसभरात तीस-चाळीस किलो वेचते. म्हणजे उन्हात कंबर मोडेपर्यंत वाकल्यावर तीनशे-चारशे रुपये. तालुक्याला सभा असली, की गाडी दाराशी, हातात पाचशे रुपये, वर जेवण आणि मांडवाच्या सावलीत बसायचे. बाईने कुठे जावे? मी तिला दोष देत नाही. तिच्या जागी मी असतो तर मीही गाडीतच बसलो असतो.

माझा कापूस तेवढे दिवस झाडावरच राहिला. मग एके दिवशी तो उमेदवारच आमच्या गावात आला. पुढे बुलेटवाली पोरे, मागे आठ-दहा गाड्या, गळ्यात दुपट्टे, ढोल. पारावर त्याने हात जोडले आणि मला म्हणाला, "काका, यावेळी लक्ष असू द्या."

मी म्हटले, "लक्ष आहे भाऊ. एकच विचारतो. निवडून आल्यावर कापसाच्या भावासाठी विधानसभेत तुम्ही नेमके काय करणार?"

तो हसला. म्हणाला, "आपले सरकार आले की सगळे होणार आहे."

"ते सरकार करील. तुम्ही काय करणार?"

त्याच्या मागचा कार्यकर्ता पुढे सरसावला. "काका, पाच वर्षांतून एकदा दारात आलेल्या माणसाला असे अडवतात का? तुमच्या गल्लीतला रस्ता सांगा, सभामंडप सांगा, लिहून घेतो."

त्याने खरेच वही काढली. माझा प्रश्न मात्र त्या वहीत गेला नाही. त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या डोक्यात आहे. आज जिल्ह्याच्या बैठकीसाठी तो लिहून काढतो आहे.

उचल कोणाची?

उचल म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. पेरणीच्या तोंडावर हातात पैसा नसतो. बँकेचे खाते थकलेले असते. मग दुकानदाराकडून बियाणे, खत, फवारणीचे औषध उधारीवर उचलायचे. दिवाळीच्या सुमारास कापूस घरात आला, की तो सरळ त्याच्या काट्यावर जातो. भाव तो सांगतो, घट तो काढतो, हिशोब तो करतो. पीक आपल्या शेतात उभे असते, घाम आपला असतो, पण मालक तो असतो. ज्याच्या उचलीवर पीक उभे राहिले, त्याच्याच खळ्यावर ते जाते.

निवडणुकीचा प्रचार हेही एक पीक आहे. त्यालाही उचल लागते. गाड्या, डिझेल, मांडव, जेवणावळी, पोरांच्या हातचा खर्च, शेवटच्या दोन रात्रींचे 'वाटप', हे सारे कोणाच्या तरी पैशावर चालते. तो पैसा ठेकेदाराचा असो, संस्थाचालकाचा असो, वाळूवाल्याचा असो किंवा पक्षाच्या वरच्या नेत्याचा असो, ज्याने उचल दिली त्याच्या खळ्यावर आमदार जाणारच. यात आमदार वाईट माणूस असायची गरजच नाही. तो आपल्यासारखाच उचल घेतलेला कास्तकार असतो.

आपण मात्र उलटे समजतो. त्याने आपल्याला पाचशे रुपये दिले म्हणजे तो आपला झाला, असे आपल्याला वाटते. खरे तर त्या पाचशे रुपयांनी आपणच त्याच्या उचलीत जातो. पुढची पाच वर्षे त्याच्यापुढे तोंड उघडण्याचा हक्क आपण विकून बसतो. मी त्याच्या दारात गेलो तर तो सहज म्हणू शकतो, "तुमचा हिशोब त्याच रात्री चुकता झाला होता."

कायद्याने किती खर्च चालतो?

विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात किती खर्च करता येतो, हे आपल्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असते. ही मर्यादा २०२२ मध्ये वाढवून ४० लाख रुपये केली गेली आणि २०२४ ची निवडणूक त्याच मर्यादेत लढायची होती. रोजच्या खर्चाची वही ठेवावी लागते, निवडणुकीसाठी वेगळे बँक खाते उघडावे लागते आणि निकालानंतर ३० दिवसांच्या आत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशोब द्यावा लागतो. तो हिशोब नागरिकाला शुल्क भरून पाहता येतो. पक्षाने स्वतः केलेल्या खर्चाला मात्र मर्यादा नाही आणि मोठ्या नेत्यांचा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही. मोठी माणसे कुंपणातल्या याच खिंडीतून जातात.

आता आपला हिशोब करू. ४० लाख रुपये म्हणजे किती? २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. त्या भावाने ४० लाखांचे सुमारे ५३२ क्विंटल होतात. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले, तरी शंभराहून अधिक एकरांचा सारा कापूस खर्च वजा न करता त्यात घालावा लागेल. हे ऐकून आपण म्हणतो, "मग निवडणूक आपल्या आवाक्यातली नाही, ती मोठ्यांची कामे." आणि गप्प बसतो.

पण हाच हिशोब दुसऱ्या बाजूने मांडा. २०२४ ला राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि जागा २८८. म्हणजे सरासरीने एका मतदारसंघात ३ लाख ३७ हजारांच्या आसपास मतदार. ४० लाखांना त्याने भागा. दर मतदारामागे बारा रुपये येतात, बारा! हमीभावाने बारा रुपयांचा कापूस १६० ग्रॅम होतो, पाव किलोही नाही. ओंजळभर कापसाइतक्या खर्चात कायद्याने परवानगी दिलेला पुरेपूर प्रचार होतो.

सगळे देणार नाहीत, हे धरून चालू. दहातल्या एकाने दिले तर त्याच्या वाट्याला १२० रुपये येतात. त्याच वर्षीच्या संकरित ज्वारीच्या ३३७१ रुपये हमीभावाने ही साडेतीन किलो ज्वारी झाली. एवढी तर आपल्या घरची कोंबडी आणि शेतातली पाखरे खातात. तेव्हा निवडणूक महाग आहे ती आपल्याला विकत घेणाऱ्यासाठी. जो मते विकत घेणार नाही, त्याला ती स्वस्त पडते.

ही जागा कशाची आहे?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आमदाराची जागा कशासाठी असते? आमच्या गावात विचाराल तर उत्तर मिळेल, रस्ता, नाली, सभामंडप, हायमास्ट दिवा. प्रचारात उमेदवारही हेच बोलतो. कारण त्यात सापडण्याची भीती नसते. रस्ता झाला तर "मी केला", नाही झाला तर "निधी आला नाही".

आमदाराचा स्थानिक विकास निधी २०२२ च्या वाढीनंतर वर्षाला पाच कोटींचा झाला. ऐकायला मोठा आकडा वाटतो. सरासरी मतदारसंघात तो वाटला तर दर मतदाराच्या वाट्याला वर्षाला दीडशे रुपयेही येत नाहीत. याउलट दहा क्विंटल कापूस पिकवणाऱ्याला क्विंटलमागे पाचशे रुपये कमी मिळाले, तर एका हंगामात त्याचे पाच हजार गेले. दीडशेच्या तीस पटींहून जास्त! आपण दीडशे रुपयांसाठी दुपट्टे घालून नाचतो आणि पाच हजारांचा प्रश्न विचारणाऱ्याला "काका, अडवू नका" म्हणतो.

विधानसभा ही कायदा करणारी सभा आहे. शेती, जमीन, पाणी, बाजार, सावकारी आणि शेतकऱ्यांचे कर्ज हे विषय राज्यघटनेने राज्याकडे दिलेले आहेत. कच्चा कापूस आणि सरकी यांचा व्यापार समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर दिल्लीलाही कायदा करता येतो आणि मुंबईलाही. बाजार समित्यांचा १९६३ चा कायदा याच सभागृहाने केला. कापूस एकाधिकार खरेदीचा १९७१ चा कायदाही इथलाच. त्या कायद्याने १९७२ पासून सुमारे तीस वर्षे आपल्या कापसाच्या दाराला सरकारी कुलूप लावले. आपलाच कापूस, आपल्या मनाने, आपल्याला हव्या त्या व्यापाऱ्याला विकण्याची चोरी झाली. पलीकडच्या राज्यात चार पैसे जास्त मिळत असले, तरी इकडचा शेतकरी सीमेवर अडवला जात होता. ते कुलूप घालणारे हात कोणाचे होते? आपण मते देऊन पाठवलेल्या आमदारांचेच. त्यांच्यापैकी कित्येक कापूसवाल्या तालुक्यांचे होते आणि आपल्याकडे मते मागायला आले तेव्हा ते रस्त्याबद्दलच बोलले असतील.

याच सभागृहाने चांगलेही केले आहे. १९७२ च्या दुष्काळात ज्वारीवाल्या मुलखातली माणसे खडी फोडायला रांगेत उभी राहिली. त्यातून रोजगार हमी योजनेला बळ आले आणि १९७७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तिचा कायदा केला. विधान परिषदेचे सभापती राहिलेले वि. स. पागे यांची ही कल्पना. मागेल त्याला काम, हा मजुराचा कायदेशीर हक्क झाला. केंद्राने देशासाठी तसा कायदा २००५ मध्ये केला, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी. आमदारांनी मनावर घेतले तर त्या जागेवरून काय होऊ शकते, हे यातून कळते.

आणि त्या जागेवरून काय होत नाही, तेही समजून घ्या. म्हणजे उमेदवार थापा मारू लागला की लगेच कळेल. हमीभाव केंद्र सरकार जाहीर करते. आयात-निर्यात आणि सीमाशुल्क हे दिल्लीचे विषय आहेत. कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्ट २०२५ ला उठवले गेले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि नंतर मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपला नवा कापूस बाजारात येण्याच्या वेळी. हा निर्णय कोणत्या आमदाराने घेतला नाही. पण त्याविरुद्ध तोंड उघडायला कोणत्या आमदाराला बंदी होती? विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपूरला भरते ते बहुधा डिसेंबरातच, आपला कापूस काट्यावर असतो तेव्हाच. तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी सूचना आहे, अशासकीय ठराव आहे. राज्याने केंद्राला खडसावून सांगावे, असा ठराव मांडता येतो. तेव्हा "भाव वाढवून देतो" म्हणणारा उमेदवार खोटे बोलतो आणि "भाव माझ्या हातात नाही" म्हणून हात झटकणारा अर्धे खोटे बोलतो.

आणखी एक गाठ आहे. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ मध्ये आला. तेव्हापासून पक्षाचा आदेश मोडून मत देणाऱ्या आमदाराची आमदारकी जाऊ शकते. म्हणून उमेदवार कितीही भला असला, तरी त्याचा पक्ष काय म्हणतो हे विचारावे लागते. मत देताना त्याचे हात बांधलेले असतील, पण बोलताना जीभ बांधलेली नसते. ती तो वापरणार का, एवढे तरी त्याच्याकडून ऐकून घ्या.

सांगोल्याचा धडा

कोणी म्हणेल, हे सगळे बोलायला ठीक आहे, पैशाशिवाय कोण निवडून येतो? त्याला मी सांगोल्याची आठवण करून देतो. सोलापूर जिल्ह्यातला हा तालुका आपल्यासारखाच, पावसाने कायम तोंड फिरवलेला. ज्वारी, बाजरी, जनावरे आणि दुष्काळ. तिथून शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये पहिल्यांदा विधानसभेवर गेले आणि २०१४ पर्यंत एकूण अकरा वेळा निवडून आले. एकच तालुका, एकच पक्ष. तो पक्ष राज्यात कधी सत्तेचा धनी नव्हता. तिकिटासाठी इकडून तिकडे उड्या नाहीत. आमदार असून एसटीने फिरणारा माणूस म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखले. १९७८ च्या आणि १९९९ च्या सरकारांत ते मंत्री होते. ३० जुलै २०२१ ला ते गेले.

हा माणूस प्रचार कसा करीत असेल, याचा विचार करा. ज्याचे पन्नास वर्षांच्या आसपासचे काम तालुक्याच्या डोळ्यांसमोर आहे, चारा छावणीपासून सूतगिरणीपर्यंत ज्याचा हिशोब लोकांना तोंडपाठ आहे, त्याला पंधरा दिवसांत स्वतःची ओळख विकत घ्यावी लागत नाही. निवडणुकीच्या आधी जो पाच वर्षे दिसत नाही, त्यालाच पंधरा दिवसांत मोठ्ठे दिसावे लागते. त्यालाच कटआउट लागतात.

पण सांगोल्याची गोष्ट मी देव्हाऱ्यात बसवण्यासाठी सांगत नाही. तिथल्या लोकांनीही तसे केले नाही. १९७२ मध्ये त्यांनी गणपतरावांना पाडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत निवडले. १९९५ मध्ये पुन्हा पाडले, तेही अवघ्या १९२ मतांनी, आणि १९९९ ला परत पाठवले. म्हणजे माणूस चांगला असला तरी दोर मतदारांनी आपल्याच हातात ठेवला. त्यांच्यामागे २०१९ ला पक्षाने ती जागा गमावली आणि २०२४ ला त्यांचे नातू बाबासाहेब देशमुख तिथून निवडून आले. नातवालाही त्याच काट्यावर तोलले पाहिजे. आजोबांचे वजन त्याच्या पारड्यात धरू नये.

दुसरी गोष्ट. एक भला आमदार म्हणजे सारे काही झाले, असेही नाही. एका लहान पक्षाचा एक माणूस विधानसभेत कितीही पोटतिडकीने बोलला, तरी राज्याचे शेतीधोरण एकट्याने फिरवू शकत नाही. सांगोल्याला चांगला आमदार मिळाला, पण शेजारच्या पन्नास तालुक्यांना तसाच मिळाला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. म्हणून हे काम एका गावाचे किंवा एका तालुक्याचे नाही. जिल्ह्याच्या बैठकीत ते मांडतो आहे ते त्यासाठीच.

उसाच्या मुलखातही असे घडले आहे. २००४ मध्ये राजू शेट्टी शिरोळमधून अपक्ष म्हणून विधानसभेत गेले. त्या भागातल्या शेतकऱ्यांनी मताबरोबर नोटही द्यायची, ही रीत पाडली. त्यांच्या पुढच्या राजकारणाबद्दल ज्याने त्याने आपले मत करावे. पण शेतकरी स्वतःच्या उचलीवर उमेदवार उभा करू शकतो, एवढे त्यातून सिद्ध झाले. कोणी म्हणेल, ऊसवाल्यांकडे कारखान्याचे बिल येते, आमच्याकडे काय? त्याचे उत्तर वर दिले आहे. बारा रुपये. १६० ग्रॅम कापूस.

आश्वासनांचे पीक

२०२४ च्या प्रचारात कर्जमाफीचे आश्वासन दोन्ही बाजूंनी दिले. सोयाबीन तेव्हा ४८९२ रुपये हमीभावाच्या खाली विकले जात होते, तर प्रचारात ६००० च्या भावाची भाषा होती. २० नोव्हेंबरला मतदान झाले, २३ ला निकाल लागला. पुढे मार्च २०२५ मध्ये सरकारने शेतकऱ्यांना सांगितले, की ३१ मार्चच्या आत पीककर्ज भरा. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला शेतकरी रस्त्यावर बसले, तेव्हा कुठे सरकारने ३० जून २०२६ पर्यंत निर्णय घेण्याची तारीख दिली.

यातून काय शिकायचे? २०१७ ची कर्जमाफीही जूनमधल्या शेतकरी संपानंतरच जाहीर झाली होती. तेव्हा कोणतीही निवडणूक दाराशी नव्हती. म्हणजे प्रचारात मिळते ते आश्वासन आणि आंदोलनात मिळते ती तारीख. प्रचाराच्या वेळी आपण इतके स्वस्त का होतो? त्या पंधरा दिवसांत उमेदवाराला आपली सगळ्यात जास्त गरज असते आणि नेमके तेव्हाच आपण त्याला काही विचारत नाही. बाजारात माल कमी आणि गिऱ्हाईक जास्त असले, की भाव वाढतो. मताच्या बाजारात गिऱ्हाइकांची झुंबड उडते, तरी आपण आपला माल मातीमोल देतो. कारण माल घेऊन आपण एकेकटे जातो. कापसाचेही असेच होते.

बैठकीपुढे तीन गोष्टी

विधानसभेची मुदत नेमाने चालली, तर पुढची निवडणूक २०२९ मध्ये आहे. पेरणीची तयारी उन्हाळ्यात करतात, पाऊस सुरू झाल्यावर नाही. म्हणून तीन गोष्टी आज ठरवाव्यात, अशी माझी विनंती आहे.

पहिली. प्रत्येक तालुक्यात एक वही ठेवावी. आपला आमदार प्रत्येक अधिवेशनात कापूस, ज्वारी, कर्ज, वीज आणि पाणी यांवर काय बोलला, कोणता प्रश्न विचारला, कोणत्या कायद्यावर कुठल्या बाजूने उभा राहिला, ते तिच्यात लिहावे. कामकाजाच्या नोंदी विधिमंडळ ठेवते. शिकलेली पोरे गावोगाव आहेत, त्यांना हे काम द्या. प्रचाराच्या वेळी तो त्याची पत्रके आणील, आपण आपली वही काढू.

दुसरी. उमेदवाराचे शपथपत्र चावडीवर मोठ्याने वाचावे. मालमत्ता, कर्ज, गुन्हे, सारे त्यात असते. पाच वर्षांपूर्वीचे आणि आताचे शेजारी शेजारी ठेवून वाचावे. आपल्या सातबाऱ्यावर बोजा चढत असताना कोणाच्या सातबाऱ्यावर शेते चढली, ते सर्वांना ऐकू द्या.

तिसरी. ज्या उमेदवाराला आपण आपला म्हणू, त्याच्या प्रचाराचा खर्च आपण करू. त्याच्या निवडणूक खात्यात भरू, पावती घेऊ आणि निकालानंतर महिन्याभरात त्याच्याकडून पै-पैचा हिशोब गावसभेत घेऊ. दुसऱ्या कोणाची उचल घेणार नाही, असे त्याने आधी सांगितले पाहिजे. असा उमेदवार मिळालाच नाही, तर कोणाच्याही गाडीत बसायचे नाही आणि कोणाचे पाचशेही घ्यायचे नाहीत. मत आपल्या मनाने द्यायचे. उचल न घेतलेला कास्तकार निदान काटा तरी स्वतः निवडतो.

सभेला गेलेली ती बाई दुसऱ्या दिवशी माझ्याकडे वेचायला आली. मी सहज विचारले, "मावशी, काल काय म्हणाला उमेदवार?"

ती म्हणाली, "मागं बसलो होतो बापू, काही ऐकू आलं नाही. पण कापसाचं काही बोलला नाही वाटते. बोलला असता तर कान टवकारलेच असते ना."

पुढच्या निवडणुकीत मावशीला ऐकू येईल, असे कोणाकडून तरी बोलवून घेणे हे आपले काम आहे. त्यासाठी बारा रुपये लागतात आणि थोडे धाडस. बारा रुपये मी आजच देतो.